झाडावरची झोळी

लोकांनी बनवलेल्या गोष्टी मोडून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुण्यात हेच केलं, इंग्लंडात मेडनहेडला येऊनही हेच करते. कुणीतरी जीव ओतून बांधलेलं काहीतरी समोर येतं आणि ते कुठे तुटेल हे मी शोधून काढते. या कामामुळे माझा स्वभाव तिरसट झाला, की तिरसट होता म्हणून हे काम जमलं, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. पण या धंद्यातला एक नियम मी कधी सोडला नव्हता. ज्याने बनवलं त्याने ते तपासायचं नाही. आपल्या हातचं आपल्याला नेहमी बरंच दिसतं.

हा नियम माझ्याच डायनिंग टेबलावर आडवा आला, कारण नवऱ्याला झाडावर बसायचं होतं.

नवरा कोल्हापूरचा. इथे ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने तो हरणांच्या शिकारीला लागला. शिकार म्हटलं की आपल्याकडे लोकांना मिशा आणि उघडी जीप आठवते. इथली शिकार म्हणजे तासन्‌तास गप्प बसून थंडी खाणं. आमच्या भागातल्या रानांमध्ये मुंटजॅक नावाचं, कुत्र्याएवढं हरीण फार वाढलंय. ते कोवळी रोपं खाऊन टाकतं, नवं रान वाढू देत नाही, म्हणून जमीनमालक स्वतःहून परवानगी देतात. लायसन्ससाठी पोलिस घरी येऊन बंदुकीच्या कपाटाची कुलुपं हलवून बघून गेले. मुंटजॅक मूळचं इथलं नाही. कुणी हौशी श्रीमंताने पूर्वेकडून आणलं, ते कुंपणाबाहेर पडलं, इथल्या थंडीत रुळलं, त्याला पोरंबाळं झाली, आणि आता म्हणतात, फार झाले. नवऱ्याने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघत राहिले.

"तशी बघू नकोस," तो म्हणाला. "झाडांचा प्रश्न आहे."

मी अंडंही खात नाही. त्याने मारलेलं हरीण आमच्या घरात येत नाही, लंडनजवळ ईलिंगला राहणाऱ्या मित्रांकडे परस्पर जातं. तो कधी गेला, किती वाजता गोळी झाडली, यातलं काही मला सांगायचं नाही असा आमचा करार आहे. एकदा त्याच्यासोबत गेले होते तेव्हा बंदुकीचा आवाज ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्यानंतर मी रानात पाऊल ठेवलं नाही.

तरीही मी त्याला नको म्हणू शकले नाही, त्याला कारण होतं. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि बॅडमिंटन सुटलं, डोंगर सुटले, मित्र हळूहळू कमी झाले. घराबाहेर पडायला उरलं ते हे एकच. रानातून आला की तो माणसात असायचा. पण रानात लोखंडी शिडीची खुर्ची खांद्यावर वाहून न्यायची आणि झाडाला लावायची, ते आता त्याला झेपत नव्हतं. उंचावर बसणं मात्र गरजेचं. वरून झाडलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते, कुणाला लागत नाही.

मग त्याने शोध लावला, की अमेरिकेत लोक झाडावर खुर्ची नेतच नाहीत. कमरेखाली कापडाची एक रुंद पट्टी घ्यायची, ती दोराने खोडाला अडकवायची आणि पाय झाडाला टेकवून मागे रेलायचं. सॅडल म्हणतात त्याला. त्याने एक मागवलं. ते आलं, त्याने घातलं, आणि ते सरळ काखेपर्यंत सरकलं. अमेरिकन माणसाच्या मापाचं ते, आणि हा म्हणजे हँगरला टांगलेला शर्ट. ते परत गेलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शिवणयंत्रापाशी घुटमळायला लागला.

"तुझ्या मशीनवर जाड नायलॉन शिवता येतं का गं?"

"पडदे शिवता येतात," मी म्हटलं. "आणि तू पडदा नाहीस."

पण त्याने स्वतः शिवायला घेतलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. त्याने एकदा पँटचं बटण लावलं होतं, त्यासोबत खिसाही शिवून ठेवला होता. म्हणून मी बसले. दोर, कड्या, पायऱ्या हे सगळं गिर्यारोहणाच्या दुकानातून आणलं, त्यावर कंपनीचा शिक्का होता, किती वजन पेलेल ते छापलेलं होतं. शिक्का नव्हता फक्त कापडाला. म्हणजे जमिनीपासून दोन मजले वर तो लटकणार तो माझ्या टाक्यांवर. हे एकदा डोक्यात आलं आणि मग ते काही गेलं नाही.

हिरवट मातकट रंगाचं, पातळ पण न फाटणारं कापड. त्याचे दोन थर, कडेने फिरवलेला जाड पट्टा, दोन्ही टोकांना दोर ओवायला पट्ट्याचेच फास. फासांवर चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. सुया तुटल्या. सोफ्याला वापरतात तो दोरा मशीनमध्ये अडकला आणि मी मशीनला पुण्यातल्या शिव्या दिल्या. नायलॉनच्या कडा उसवू नयेत म्हणून वितळवाव्या लागतात. लायटर सापडेना, म्हणून देवघरातल्या निरांजनावर कडा धरल्या. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या दारात येऊन थांबल्या.

"देवाच्या निरांजनावर प्लॅस्टिक जाळतेस?"

"तुमच्या मुलासाठीच चाललंय आई."

त्यांनी कापड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. सासूबाई बँकेत मॅनेजर होत्या, सुईदोऱ्याशी त्यांचं कधी जमलं नाही. "ही तर झोळी आहे," त्या म्हणाल्या. "याला लहानपणी याच्यातच टाकायचे मी. पाळण्यात झोपायचाच नाही. पन्नाशी उलटली तरी सवय गेली नाही म्हणायची."

लेक कॉव्हेंट्रीला शिकते. तिला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तू सीरियसली बाबाला झाडावर हँग करणार? बाबाचा वजन किती आहे, तू चेक केली का?"

केलं होतं. बागेच्या टोकाला एक दणकट झाड आहे, त्याची फांदीही कापायची तर कौन्सिलला विचारावं लागतं, पण टांगायला कुणी अडवत नाही. खालच्या फांदीला सॅडल बांधलं आणि त्यात बासमतीच्या गोणी ठेवल्या, त्यावर आट्याच्या गोणी. नवऱ्याच्या दुपटीने वजन झालं. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघत होते. चहाचा मग उंचावून म्हणाले, "लव्हली डे फॉर इट." काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, इथे विचारत नाहीत.

सॅडलने सगळं पेललं. नवरा टाळ्या वाजवायच्या बेतात होता. "पास?" त्याने विचारलं.

मला पास म्हणवेना. मीच शिवलं, मीच तपासलं, माझ्याच नियमाने ते तपासणं नव्हतंच. मी म्हटलं, "उद्या सांगते." तो हिरमुसून आत गेला. मी गोणी काढल्या आणि सॅडल तसंच फांदीला राहिलं.

संध्याकाळी वारा सुटला तशा सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघून अस्वस्थ व्हायला लागल्या. "ती झोळी काढ आत. रिकामी हलतेय."

"आई, ते सॅडल आहे."

"काही का असेना. रिकामी झोळी हलू देऊ नये. काढायची नसेल तर त्यात काहीतरी ठेव."

मी भाजी फोडणीला टाकली होती, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग त्यांनी दाराला टेकण म्हणून ठेवलेला वरवंटा उचलला. पाटा वजनामुळे विमानात येऊ शकला नव्हता, वरवंटा एकटाच आला होता आणि इतकी वर्षं दार अडवण्याचं काम करत होता. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात तसा त्यांनी तो शालीच्या टोकाने पुसला, बागेत जाऊन सॅडलमध्ये ठेवला आणि आत येऊन निवांत मालिका बघत बसल्या.

सकाळी तो काढायला गेले. रात्री पाऊस पडून गेला होता. गोणी सगळीकडे सारख्या पसरल्या होत्या, पण दगड एका कडेला घरंगळून तिथेच रुतून बसला होता आणि वाऱ्याने रात्रभर तिथेच हिसके बसले होते. त्या कडेचा पट्टा कापडापासून करंगळी जाईल एवढा सुटला होता. टाके तुटले नव्हते, कापडाचे धागेच टाक्यांमधून सरकले होते. माणूस गोणीसारखा बसत नाही. तो वाकतो, एका कुल्ल्यावर भार टाकतो, बंदूक फिरवतो. मी तिथे ओल्या गवतात उभी राहून त्या फटीत पुन्हा पुन्हा करंगळी घालून बघितली.

आईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ईलिंगच्या मराठी मंडळात हळदीकुंकवापर्यंत तो विषय पुरला असता. सगळं उसवलं. पट्टा कडेला न लावता कापडाच्या खालून पूर्ण आरपार नेला, म्हणजे कापड फाटलं तरी माणूस पट्ट्यावर राहील. नंतर पुन्हा गोणी, पुन्हा वरवंटा, आणि सगळ्यात शेवटी नवरा, जमिनीपासून हातभर उंचीवर. तो गुडघे वर घेऊन मागे रेलला, उजवीकडे वळला, डावीकडे वळला, आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा ऑपरेशनच्या आधी सिंहगडावर पोचल्यावर व्हायचा. सासूबाई चालत त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी दोराला हलकासा झोका दिला.

मी म्हटलं, "पास."

त्याच शनिवारी तो निघाला. मीही गाडीत बसले. त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने गाडी सुरू केली.

शेताच्या फाटकापाशी गाडी लावली. "तू इथेच थांबायचं," तो म्हणाला. "रानात कुणी माणूस आहे असं वाटलं तर मला गोळी झाडता येणार नाही. मी येईपर्यंत खाली उतरू नकोस." माझं सॅडल कमरेला बांधून, बंदूक खांद्याला अडकवून तो झाडांमध्ये दिसेनासा झाला.

मी थर्मासमधला चहा घेतला. फोनला नेटवर्क नव्हतं. सुरुवातीला वाचायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की मला काहीच कळणार नाही. शिकारीत बहुतेक वेळा काहीच घडत नाही, गोळीविना परत येणं हेच नेहमीचं. म्हणजे ही शांतता तो वर नीट बसला असला तरी अशीच असणार, आणि खाली पडला असला तरी अशीच. मी उतरून बघायला गेले आणि तो बसलेलाच असला, तर त्याची संध्याकाळ गेली. नाही गेले आणि तो पडलेला असला, तर? तो करंगळीएवढा सुटलेला पट्टा डोळ्यांसमोरून हलेना. उजेड कमी होत गेला. पक्षी गोंधळ घालून गप्प झाले. मी मनातल्या मनात एकेक टाका पुन्हा घातला. आणि मग मी चक्क मागायला लागले. देव वगैरे नव्हे, कुणाकडे तरी. एक आवाज येऊ दे. एक गोळी सुटू दे, म्हणजे तो वर आहे, हात चालतायत, शुद्धीत आहे.

आवाज आला. कुणीतरी लाकडी फळी जमिनीवर आपटावी तसा, एकदाच.

"बरं झालं," मी मोठ्याने म्हणाले. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतकं हलकं वाटलं.

बऱ्याच वेळाने झाडांतून त्याच्या कपाळावरचा दिवा येताना दिसला. मी उतरून धावले. आधी त्याला पाठमोरा फिरवला आणि फोनच्या उजेडात सगळे टाके बघितले. चौकोन, फुल्या, पट्टा, सगळं जिथल्या तिथे होतं. तो हसत उभा राहिला. "इतकं सुंदर बसता येतं त्यात," तो म्हणाला. "पाठ अजिबात दुखली नाही."

मग मी त्याच्या हाताकडे बघितलं. मुंटजॅक खरंच कुत्र्याएवढंच होतं. नाक अजून ओलं होतं, डोळे उघडे. त्याने ते गवतावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू गाडीत बस. मी करतो सगळं."

मी बसले नाही. खाली वाकून हरणाच्या मानेवर हात ठेवला. ते अजून गरम होतं. त्याला सॉरी म्हणावंसं वाटत होतं, पण ते खोटं झालं असतं. ज्या आवाजाने ते गेलं, तो मीच मागितला होता, आणि आला तेव्हा मला आनंद झाला होता.