मुक्कामी गाडीला धक्का

मी दहावीत होते त्या वर्षी अमेरिकेचं आकाशातलं फिरतं घर, म्हणजे त्यांची अंतराळातली प्रयोगशाळा, म्हातारं झालं होतं. आत माणूस नव्हता आणि ते हळूहळू खाली येत होतं. तिकडच्या लोकांनी जमिनीवरूनच त्याची कूस बदलली, वारा कमी लागेल असं केलं आणि दिवस वाढवले. दुसरं यान जाऊन त्याला वर ढकलणार होतं, पण ते तयारच होईना. बाबा ही बातमी मोठ्यानं वाचायचे आणि हळहळायचे, "त्यायच्याजोळ धक्का माराले माणसं नाहीत."

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या गावी रात्री मुक्कामाला येणारी लाल गाडीही टेकीला आली होती. साहेब ती मोडीत काढायला निघाले, तर बाबांनी भांडून माझ्या परीक्षेपर्यंत मुदत मिळवली. लोणारच्या शाळेत जाणारी गावातली मुलगी मी एकटी. गाडी बंद म्हणजे माझी शाळा बंद, कारण मला परगावी ठेवायला आई काही केल्या तयार नव्हती.

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, कधीचाच मेलेला. म्हणून ड्रायव्हर ती चढावर, वळून, उताराकडे तोंड करून लावायचा. सकाळी नुसती सोडली की सुरू.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी नेमका वळायच्या जागेवर लग्नाचा मांडव उभा राहिला. गाडी आली तशीच, मांडवाकडे तोंड करून राहिली. सकाळी ते पाहून मला रडू फुटलं.

"रडून राह्यली काऊन? पेपर तुहा हाय का गाडीचा?" बाबा खेकसले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "रिव्हर्स टाक बे. उलटी सोडू."

"अन् नाल्यात गेली तं?"

"मी मांगं लटकतो. मी सांगतो तसं कर."

बाबा मागच्या शिडीवर चढले. फेटे बांधलेले वऱ्हाडी, नवरदेवाच्या मामासकट, पुढून भिडले. गाडी उतारावर पोचली, मागं घरंगळली, गचका खाऊन धडधडू लागली. शिडीवर हात हलवणाऱ्या बाबांकडे पाहून माझी छाती फुगली, ती आजतागायत फुगलेलीच आहे.

पेपर वेळेत गाठला. मार्क बेताचेच पडले. पण पुढच्या वर्षी गावातल्या चार मुली शाळेत जायला निघाल्या आणि बाबांनी पुन्हा भांडून मुदत वाढवली. शेवटी ती गाडी मोडीत निघाली, तेव्हा गावच्या नऊ मुली तिच्यातून शाळेत जायच्या. साहेबांना नवी गाडी पाठवावीच लागली.