बियाण्याचं भात

चैत्रातलं ऊन कलत होतं, भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर टोकावड्याच्या शिवारावर अजून लोंबत होता आणि अंगणात बसून आम्ही नवरा-बायको बियाण्याचं भात निवडत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. ही सुपाने पाखडत होती, पोचट दाणे वाऱ्यावर निघून जात होते.

"पोचट नि भरीव कळतंय ना फौजी, का नुसती बंदूकच कळते?"

ती हसली, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघालं.

आमची फौज श्रीलंकेत होती, माघारी यायला थोडेच दिवस उरले होते. आम्ही म्हणे रक्षणाला गेलो होतो; पण लढणारा कोण आणि कसणारा कोण हे आम्हाला ओळखू येईना, भाषाही येईना, आणि आम्हाला पाहिलं की माणसं दारं लावून घेत. एका झोपडीत शस्त्रं शोधताना साहेबाच्या हुकमाने मी दोन कणग्या जमिनीवर ओतल्या. एकीत खायचं भात, दुसरीत तोंड लिंपून निराळं ठेवलेलं बियाणं. आमच्या घरीही तसंच ठेवतात, म्हणून ओतण्याआधीच मला कळलं होतं. तरी ओतलं. शस्त्र निघालं नाही. लाज वाटून मी ओंजळीने बियाणं वेगळं करू लागलो, तर त्या घरच्या बाईने माझा हात बाजूला सारला. ओरडली नाही, रडली नाही. माझी मदतही तिला नको होती.

गावात मला मान आहे, शाळेत झेंड्याला बोलावतात. म्हणून हे कोणाला सांगितलं नव्हतं.

हिने सूप खाली ठेवलं. "मंग तिची पेरणी झाली का वो?"

"मला काय ठाव?"

"जलमभर भात लावलंत, नि एवढं नाय आलं मनात?"

मी रागाने उठून गोठ्यात गेलो. त्यावर आमचं बोलणं झालंच नाही. पहाटे ही उठली नाही, आणि त्याच दिवशी तिला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माणसं बसली होती. कोणीतरी म्हणालं, "फौजी, तुमी लंकेत लढलेला माणूस, तुमाला आमी काय धीर द्यायचा?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. कणग्या, हुकूम, तो सारलेला हात. मग हिचा थोरला भाऊ हळूच म्हणाला, "भात कसलं होतं रे?"

"लाल," मी म्हटलं. "जाडं. आपल्यासारखंच."