खोडरबरसाहेबांची सही

बडोद्याच्या अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात जे एकमेव आर्किटेक्ट होते, त्यांचा उजवा तळवा कायम निळा असे. फळा पुसायला चांगलं मऊ डस्टर होतं, पण साहेब हातानेच पुसत. आपण तासभर खपून पांढऱ्या फळ्यावर चौकोन आणि बाण काढावेत, साहेबांनी उठून एका चौकोनावर हात फिरवावा आणि विचारावं, "हे काढलं तर काय बंद पडेल?" बहुतेक वेळा काहीच बंद पडत नसे. मग ते दुसऱ्या चौकोनाकडे वळत. त्यांच्या मागे आम्ही सगळे त्यांना खोडरबर म्हणत असू, आणि ते त्यांना माहीत होतं.

आर्किटेक्ट म्हणजे इमारतींचे नव्हेत. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्यालाही आर्किटेक्ट म्हणतात. एचआरने पँट्रीच्या भिंतीवर एका जिन्याचं चित्र लावलं होतं. खालच्या पायरीवर डेव्हलपर, मग सीनियर डेव्हलपर, मग टेक लीड, आणि सगळ्यांत वर, सूर्य उगवतो तिथे, दोन्ही हात पसरून उभा असलेला आर्किटेक्ट. मी टेक लीडच्या पायरीवर तीन वर्षं उभी होते. दुसरा आर्किटेक्ट नेमायला मुंबईच्या हेड ऑफिसची हरकत नव्हती, हरकत फक्त खोडरबरांची होती. दरवर्षी माझ्या फॉर्मवर ते दोनच शब्द लिहीत: "अजून नाही."

आणि माझ्यात काय कमी होतं? माझ्याकडे पाच सर्टिफिकेटं होती. प्रत्येक सर्टिफिकेट मी लिंक्डइनवर टाकलं होतं आणि प्रत्येकाखाली एकशेवीसेक लोकांनी 'प्राउड ऑफ यू' म्हटलं होतं, त्यातले शंभर मला ओळखतही नव्हते. मला मायक्रोसर्व्हिसेस येत होत्या, क्लाउड येत होतं, मीटिंगमध्ये 'स्केलेबल' हा शब्द न अडखळता म्हणता येत होता. एकदा मी धीर करून विचारलंच, की सर, नेमकं कुठलं स्किल कमी आहे? ते म्हणाले, "केतकीबेन, तुम्हाला सगळी उत्तरं येतात. कोणी काही विचारलेलं नसतानाही येतात." साठीला टेकलेला, घरी शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस ऑफिसात सगळ्यांना 'भाई' आणि 'बेन' म्हणत असे, आणि शिव्या द्यायच्या जागी अशी वाक्यं बोलत असे.

इंटरव्ह्यू घ्यायला बसले की मग तर विचारूच नका. बंगळुरूहून एक मोठे गृहस्थ आले होते. त्यांनी अर्धा तास स्वतःच्या कर्तृत्वाचं निरूपण केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची सिस्टीम जो माणूस वापरतो, तो जेवायला कुठे बसतो?" गृहस्थांना वाटलं, थट्टा चालली आहे. ते चिडून परत गेले. त्या दिवशी मला त्या गृहस्थांचा फार कळवळा आला होता.

साहेबांची निवृत्ती जवळ आली होती, पण त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती आणि ती मिळणार हे जवळजवळ ठरलंच होतं. "घरी बसून काय करू? आमच्याकडे एकही फळा नाही," असं ते म्हणत. हसत म्हणत, पण ते खरं होतं. काम सोडून त्यांना दुसरं काही आवडत असल्याचं मी कधी पाहिलं नाही.

त्याच सुमारास सावली गावाकडच्या एका वेफर्सच्या कारखान्याचं काम आलं. फाटकापाशी वजनकाटा, तिथे बटाट्याचे ट्रक येणार, वजन होणार, नोंद होणार, ट्रक आत जाणार. एवढ्यासाठी मी चौदा चौकोन काढले. साहेबांनी अकरा पुसले. मग म्हणाले, "एक दिवस सावलीला जा. काट्यावर रमणभाई म्हणून आहेत, त्यांच्या शेजारी नुसत्या बसा. लॅपटॉप नेऊ नका."

सावली काही चंद्रावर नाही, तासाभराचा रस्ता. पण त्या शनिवारी माझी सहाव्या सर्टिफिकेटची परीक्षा होती. विषय होता, यंत्रणा कधीही बंद पडू नये म्हणून काय करावं. मी उत्तम गुणांनी पास झाले. रमणभाईंशी व्हिडिओ कॉल केला. काटा दिसला, केबिन दिसली, चित्र कुठे अडकलं नाही. सोमवारी साहेबांनी विचारलं, "सावलीला जाऊन आलात?"

मी म्हटलं, "हो सर."

त्यांनी आराखड्यावर सही केली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सिस्टीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी अकराच्या ठोक्याला बंद पडली. साहेबांच्या जुन्या गाडीतून आम्ही दोघं सावलीला निघालो. कारखान्याच्या अलीकडेच बटाट्याचे ट्रक उन्हात ओळीने उभे दिसले, रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती. केबिनमध्ये रमणभाई स्क्रीनकडे बघत बसले होते. "बेन, आ तो गोळ गोळ ज फरे छे," ते म्हणाले. खरंच, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. वर पत्रा तापलेला, आणि कोपऱ्यात टेबलफॅन जोरात सुरू. केबिनमध्ये प्लग एकच होता. रोज ऊन चढलं की रमणभाई इंटरनेटच्या राऊटरची वायर काढून पंख्याची लावत. माझ्या सिस्टीमला प्रत्येक ट्रकसाठी क्लाउडची परवानगी लागत होती, आणि क्लाउडपर्यंत जायचा रस्ता त्या एका प्लगमधून जात होता. व्हिडिओ कॉलच्या दिवशी माझ्या मानासाठी त्यांनी पंखा बंद ठेवला होता.

"गरमी बहु छे ने," ते ओशाळून म्हणाले. मग माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने विचारलं, "बेन, पहेली वार आव्यां ने अहीं?"

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. पहिल्यांदाच आलात ना, हा प्रश्न समजायला बडोद्यात कोणाला दुभाषा लागत नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रमणभाईंनी पंख्याची वायर काढायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. "राहू द्या, भाई. माणूस बसला आहे ना इथे." माझ्या आराखड्याच्या रंगीत प्रिंटा त्यांनी उलट्या केल्या आणि कोऱ्या बाजूवर ट्रकचे नंबर आणि वजनं हाताने लिहायला घेतली. मी काट्यावरचा आकडा वाचायचा, त्यांनी लिहायचा. चार वाजेपर्यंत रांग संपली. येताना गाडीत ते एवढंच बोलले, की तिकडे दुसरा प्लग बसवून घ्या आणि नेट नसतानाही चालेल असं करा.

दोन दिवसांनी हेड ऑफिसच्या व्हीपींनी मीटिंग घेतली. कारखान्याचा मालक खवळला होता आणि व्हीपींना एक नाव हवं होतं. "साइटवर जाऊन कोणी पाहिलं होतं?" त्यांनी विचारलं. मी टेबलाच्या काचेकडे बघत बसले. साहेब म्हणाले, "मी जायला हवं होतं. गेलो नाही. सही माझी आहे."

ते एक शब्दही खोटं बोलले नव्हते. माझ्या तोंडून मात्र एक शब्दही निघाला नाही.

साहेबांची मुदतवाढ नामंजूर झाली. निरोपाला ढोकळा होता, केक होता, व्हीपींचं व्हिडिओवरून भाषण होतं. सगळे गप्पांत असताना मी त्यांना गाठलं, तोंड उघडलं आणि 'तब्येत सांभाळा' असं काहीसं बोलले. ते हो म्हणाले. मग रिकामी झालेली जागा भरायची होती, आणि एचआरने माझी निवड केली. शिफारसपत्रात एक खास ओळ होती: सावली प्रकल्पाचा प्रत्यक्ष अनुभव. जिन्याची वरची पायरी मला अशी मिळाली.

आर्किटेक्ट म्हणून माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये व्हीपी हसून म्हणाले, की आता सावलीसारखी म्हाताऱ्यांची चूक नको. मी म्हटलं, "सर, ती चूक त्यांची नव्हती. मी सावलीला न जाता जाऊन आले म्हणून त्यांना खोटं सांगितलं होतं." व्हीपी म्हणाले, "ओके. नेक्स्ट पॉइंट." बस, एवढंच. माझं काहीच गेलं नाही. हेच वाक्य महिनाभर आधी बोलले असते तर माझं प्रमोशन गेलं असतं आणि साहेब आणखी दोन वर्षं त्यांच्या फळ्यापाशी उभे राहिले असते.

मी जिन्यात जाऊन साहेबांना फोन लावला आणि आज मीटिंगमध्ये काय बोलले ते सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं केलंत."

त्यापुढे ते 'काही हरकत नाही' म्हणतील, म्हणून मी फोन कानाला लावून वाट बघत राहिले. ते म्हणाले नाहीत.