पहिल्या रांगेतला टेप

बस डेपोच्या ब्रेक विभागात त्याला सगळे 'टेप' म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं, आणि तेव्हाही एखादा नवा माणूस मान वळवून हा कोण म्हणून बघायचा. नाव पडलं ते त्याच्या वेडापायी. स्टँडअप कॉमेडी म्हटलं की त्याला तहानभूक सुचायची नाही. घरी मोबाइलवर एखादा शो बघितला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेप सुरू. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत, माइक म्हणून हातात चमचा.

स्वतःचा असा एक विनोद त्याने जन्मात केला नव्हता. पण दुसऱ्याचा सांगण्यात त्याचा हातखंडा होता. आवडत्या कलाकारांना त्याने स्वतःच नावं ठेवली होती. मशीनगनसारखा बोलणारा तो 'सुसाट', सासरच्या माणसांची सालं काढणारी ती 'मावशी', आणि सगळ्यांत लाडका 'झोपाळू'. हा झोपाळू एक वाक्य बोलायचा आणि गप्प बसायचा. इतका वेळ, की लोकांना वाटावं हा पुढचं विसरला. मग हळूच दुसरं वाक्य टाकायचा आणि सभागृह हसून कोसळायचं.

"लिफ्टमध्ये शेजारी भेटला," टेप झोपाळूसारखे डोळे अर्धे मिटून सांगायचा. "मला म्हणाला, वर चाललात?" मग चमचा खाली. डब्याकडे बघायचं, छताकडे बघायचं, एक घास खायचा. सगळे ताटकळले की म्हणायचा, "मी म्हटलं, नाही. इथेच राहतो."

डेपोतला वायरमन सुसाटचा भक्त. "तुझ्या झोपाळूची दोन वाक्यं होईपर्यंत बस शेवटच्या थांब्याला जाऊन परत येते," असं तो म्हणायचा. त्यावरून दोघांचं असं जुंपायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं घराच्या वाटण्या चालल्यात.

बायको दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. दिवसभर ठणकणारी तोंडं बघून घरी यायची, आणि घरी हा. तिने लिफ्टचा किस्सा किती वेळा ऐकला असेल याला गणती नव्हती. "अहो, ऐकलंय हे," ती भांडी विसळता विसळता म्हणायची. "अगं, पण आज थांबलो बघ किती!" हा म्हणायचा. ती हसायची नाही. एकदा हसलं तर हा आयुष्यभर सांगत बसेल, असं तिचं गणित होतं. तसंही तो सांगतच होता.

मग त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून, मग धूळ म्हणून, मग ब्रेकची भुकटी म्हणून दिवस ढकलले. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याने दवाखान्यात जायला इतके दिवस लावले, ही बोच तिच्या मनात कायमची राहिली. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा बातमी कसली असते, हे तिला सांगावं लागलं नाही. स्वरयंत्र पूर्ण काढायचं होतं. जीव वाचेल, आवाज नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं, तिथून श्वास. त्यावर जाळीदार रुमाल. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं, छोट्या टॉर्चएवढं. गळ्याला दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग त्यातून एका पट्टीतला, गुणगुणणारा आवाज निघायचा. घरात त्याला 'भुंगा' म्हणायला लागले. भुंग्याला राग कळत नसे, लाड कळत नसे. 'चहा दे' आणि 'घर पेटलंय' दोन्ही एकाच चालीत.

तो कामावर परत गेला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने भुंगा लावून लिफ्टचा किस्सा सांगायला घेतला. "मला म्हणाला, वर चाललात," इथपर्यंत आला आणि सगळे हसले. जोरजोरात. शेवटचं वाक्य अजून यायचं होतं. एकाने तर डोळे पुसले. टेपने भुंगा खिशात घातला आणि डबा उघडला. ही हकिगत वायरमनने तिला नंतर सांगितली. "वहिनी, आम्ही गाढव," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याने शो बघणंच सोडलं. मित्रांच्या ग्रुपवर क्लिप पाठवायचा, तेही बंद झालं. घरी एखादं वाक्य मोबाइलवर टाइप करून दाखवायचा. बाकी सगळं बोलणं तिच्याकडे आलं. दूधवाल्याशी ती, बँकेत ती, मुलीच्या फोनवर ती. "बाबा म्हणतायत, जावयांना सांभाळून गाडी चालवायला सांग." पुष्कळदा बाबा काहीच म्हणालेले नसायचे. तो खिडकीत बसून तिच्याकडे नुसता बघायचा.

अशात वायरमन दारात उभा राहिला. झोपाळूचा शो होता, रविवारी दुपारी, शहरातल्याच नाट्यगृहात. त्याने तीन तिकिटं आणली होती. टेपने मान हलवली, नाही. वायरमन तिकिटं टेबलावर ठेवून गेला. आठवडाभर ती तिथेच पडून होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता आणि बायको हलवत नव्हती. रविवारी सकाळी ती आंघोळ करून आली तर हा इस्त्री करत होता. स्वतःचा शर्ट, स्वतःच्या हाताने. भुंगा मात्र तिच्या पर्समध्ये टाकला. 'खिसा फुगतो,' असं टाइप करून दाखवलं.

नाट्यगृहात शिरताना तिने तिकिटं नीट वाचली आणि ती दारातच थांबली. पहिली रांग. अगदी मधोमध.

"भाऊजी, पहिली कशाला घेतली?" तिने वायरमनला बाजूला ओढलं. "तो पहिल्या रांगेतल्या लोकांना धरतो ना?"

वायरमनचा चेहरा उतरला. "मला वाटलं, त्याला जवळून दिसेल."

तिने दारावरच्या मुलीला विनवलं, मागे कुठेही चालेल, कोपऱ्यातही चालेल. मुलगी म्हणाली, शो हाउसफुल आहे. तोवर टेप जाऊन बसलाही होता, पाय जुळवून, परीक्षेला बसल्यासारखा.

झोपाळू आला. मोबाइलवर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता. पहिलं वाक्य बोलला, थांबला, लोक हसले. तिने नवऱ्याकडे चोरून बघितलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता! पण त्याच्या हसण्याला आता आवाज नव्हता. हवा गळ्यातूनच निघून जायची, आणि चेहऱ्यावर हसू येण्याऐवजी ताण यायचा, कारण हसता हसता खोकला येईल या भीतीने तो ओठ घट्ट मिटून धरायचा. न जाणणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस चिडलाय.

आणि झोपाळूला तसंच वाटलं. बोलता बोलता तो स्टेजच्या कडेला आला आणि थांबला. तिला त्याचे बूट दिसले, अगदी समोर.

"काका," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी जबरदस्तीने आणलंय का?"

मागे हशा फुटला. टेप त्याच्याकडे बघत राहिला.

"नाही म्हणजे, अर्धा तास बघतोय. इथे सगळे हसतायत आणि मधोमध तुम्ही, जणू माझा निकाल द्यायला बसलाय." पुन्हा हशा. मग झोपाळू तिच्याकडे वळला. "काकू, हे घरी पण असेच, की आज माझ्यासाठी खास?"

वायरमन अर्धा उठला होता. तिने हात वर केला, सांगून टाकावं म्हणून. अहो, त्यांचं ऑपरेशन झालंय, ते बोलू शकत नाहीत. वाक्य तयार होतं. इतक्या महिन्यांत ते घासून गुळगुळीत झालं होतं. तेवढ्यात टेपने तिचं मनगट धरलं आणि हात खाली आणला. हळू, पण सोडला नाही. मग दुसरा तळहात तिच्यापुढे पसरला.

भुंगा मागत होता.

तिच्या मनात आलं, आणलाच नाही म्हणावं. पर्स मांडीवर होती, तिच्या हातात होती. डेपोत जे झालं ते इथे हजार माणसांसमोर झालं, तर हा माणूस पुन्हा खिडकीतून उठायचा नाही. लोक आता हसत होते ते त्यांना काही माहीत नव्हतं म्हणून. कळल्यावर काय करतील? कीव करून टाळ्या वाजवतील? तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. नजर स्टेजवर, हात तसाच पसरलेला.

तिने पर्स उघडली. किल्ल्या, रुमाल, गोळ्यांची पाकिटं. भुंगा हाताला लागेना. मागे कुणीतरी खुसखुसलं, "काकू काठी शोधतायत वाटतं." अखेर सापडला. तिने तो त्याच्या हातावर ठेवला.

टेपने जाळीदार रुमाल सारखा केला, भुंगा गळ्याला लावला आणि बटण दाबलं.

"हसतोय," भुंगा गुणगुणला. "आवाज हॉस्पिटलात राहिला."

सभागृहात जो आवाज होता तो सुरीने कापल्यासारखा थांबला. टाळी नाही, हशा नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. कुणाची तरी खुर्ची करकरली. झोपाळूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माइक धरलेला हात तसाच खाली आला. संपलं, तिला वाटलं. आता हा बिचारा माफी मागेल, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, आणि आपण मान खाली घालून घरी जाऊ.

टेप वाट बघत होता. त्याने छताकडे बघितलं, स्वतःच्या बुटांकडे बघितलं. आणि तेव्हा तिला कळलं की हा घाबरलेला नाही. हा थांबलाय!

त्याने पुन्हा बटण दाबलं.

"एवढं तर," भुंगा म्हणाला, "तुम्हीपण थांबत नाही."

पहिली हसली ती बायको. हसली म्हणजे काय, तिच्या नाकातून एक विचित्र फुर्र असा आवाज निघाला आणि तिने तोंडावर पर्स दाबली. तिच्यामागून वायरमन, आणि मग सगळं सभागृह. झोपाळू स्टेजच्या कडेवर बसला. तो हसत नव्हता. पाणी प्यायला, टेपकडे एकटक बघितलं, आणि लोक शांत झाल्यावर म्हणाला, "काका, मी आता माफी मागणार होतो. पण माझ्याच शोमध्ये माझा पॉज चोरणाऱ्याची माफी मी मागत नसतो." मग मान तिच्याकडे. "काकू, एक सांगा. हे असलं यंत्र घेऊन तुम्ही दोघं भांडता कसं?"

आणि ती बोलून गेली. कसं, ते तिला आजही सांगता येत नाही.

"मी चार्जिंगला लावते ना ते."

छप्पर उडालं. पण ते खरं होतं. मागच्या महिन्यात पूर्ण वेळ कामावर जायचं की नाही यावरून वाद पेटला असताना तिने त्याच्या हातातून भुंगा काढून घेतला होता, बॅटरी संपत आलीय म्हणून. बॅटरी संपत आली नव्हती. दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघायचं धाडस केलं. त्याचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी ओठ उघडे होते. मग त्याला खोकला आला, वाईट आला, आणि तिने रुमाल पुढे करून त्याची पाठ धरली. तोवर झोपाळू मागच्या रांगेतल्या एका दाढीवाल्याकडे वळला होता.

शो संपल्यावर झोपाळूचा सहायक त्यांना गाठायला धावत आला. म्हणाला, सगळं रेकॉर्ड झालंय, तुमची परवानगी असेल तर इंटरनेटवर टाकतो, लाखो लोक बघतील. तिने तोंड उघडलं आणि सवयीने म्हणणार होती, "यांना विचारून कळवते." पण थांबली. भुंगा अजून त्याच्याच हातात होता.

"नको," टेप म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं, तर मी सांगू काय?"

सोमवारी डेपोत त्याने सांगितलं. वायरमन मध्येच बोलायला गेला तेव्हा त्याने चमचा उगारला. एक जण आधीच हसला. टेपने हात वर करून त्याला गप्प केलं आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी अपुरी पडली म्हणे. किस्सा पुढे वाढत गेला. हजाराचे दोन हजार लोक झाले, झोपाळू स्टेजवरून खाली पडला, आणि चार्जिंगचं वाक्य हळूहळू टेपच्याच तोंडी आलं. त्यावरून घरी खडाजंगी झाली. "ते माझं वाक्य होतं," ती म्हणाली. "सिद्ध कर," भुंगा म्हणाला. तिने या खेपेला भुंग्याला हात लावला नाही.

तपासण्या मात्र चालूच राहिल्या. दर खेपेला त्याच बाकावर बसायचं, पुकारा होईपर्यंत. मागच्या वेळी शेजारी एक जोडपं होतं. त्या माणसाचं ऑपरेशन व्हायचं होतं. टेपने ओळखदेख नसताना भुंगा लावून किस्सा सुरू केला. त्या माणसाची बायको ऐकता ऐकता हिच्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तेव्हा तुम्हाला हसू आलं?"

ही दाराकडे बघत होती, आत त्याचा रिपोर्ट होता. "हसू नंतर आलं," ती म्हणाली. "आधी दरदरून घाम फुटला होता."

तेवढ्यात पुकारा झाला. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला. खुर्ची होती तिथेच ठेवली आणि म्हणाले, ठीक आहे सगळं, आता चार महिन्यांनी या. ती बाहेर येऊन भिंतीला टेकली. टेप तोवर पुन्हा बाकावर जाऊन बसला होता. किस्सा अर्धा राहिला होता.