जमादार सिस्टरांची हजेरी

जमादार सिस्टरांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला शेवटचे पेर नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी झटका आलेल्या एका मुलाची दातखीळ उघडायला त्यांनी ते बोट त्याच्या तोंडात घातले होते. मुलाने चावा घेतला. जखम पिकली आणि पेर काढावे लागले. झटका आलेल्या लेकराच्या तोंडात चमचा, किल्ली किंवा बोट घालणाऱ्या प्रत्येक आईबापापुढे त्या पुढे आयुष्यभर ते बोट धरत. आमच्यासमोर एका बापाने चमच्याने मुलाचे दोन दुधाचे दात तोडले. उशी रक्ताने भरली. सिस्टरांनी त्याच्या हातातला चमचा हिसकला, मुलाला कुशीवर वळवले आणि बोट त्याच्या नाकासमोर नेले. "हे बग. म्या दिलं एकदा. तुला बी द्यायचं का? नसंल तर गुमान उभा राहा आन् घड्याळ बग. किती मिनिटं चाललं ते मला सांग."

त्या परभणीतल्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात होत्या. पूर्णेला दिलेल्या माझ्या बहिणीचा मुलगा मेंदूज्वराने तिथे चोवीस दिवस होता. मी दिवसा त्याच्याजवळ बसत असे. या मजकुरातले बहुतेक मी पाहिलेले आहे. जे ऐकलेले आहे ते तसे सांगितले आहे. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण ते कोणी घेत नसे. आयाबाया, नातेवाईक, डॉक्टरसुद्धा त्यांना जमादार म्हणत. आमच्याकडे जुनी माणसे अजून पोलीस हवालदाराला जमादार म्हणतात.

सिस्टर मारत. हे लपवण्यात अर्थ नाही. अकरा महिन्यांच्या एका बाळाला झटके येतात म्हणून घरच्यांनी तापलेल्या विळ्याच्या टोकाने पोटावर चार डाग दिले होते. डाग कोणी दिले, असे सिस्टरांनी विचारले. "म्या दिले. आमच्यात देतेत," असे आजोबा म्हणाले. सिस्टरांनी त्यांच्या कानाखाली मारली. म्हाताऱ्याची टोपी पट्ट्यांच्या ट्रॉलीत पडली. सिस्टरांनी ती उचलली, झटकली आणि परत दिली. "घ्या मामा. टोपीचा काई गुन्हा न्हाई." त्यांना दोनदा लेखी ताकीद मिळाली होती आणि ती योग्यच होती. त्यांना मात्र ते पटलेले नव्हते. "लेकराला डागताना कुनी ताकीद दिली व्हती का?" असे त्या विचारत.

लेकरांशी त्या वेगळ्या वागत. बेशुद्ध मुलाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, डोके उंच ठेवायचे, उघड्या राहिलेल्या डोळ्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवायची, घशातला कफ यंत्राने ओढून घ्यायचा, ही कामे त्या करत आणि करताना सतत बोलत. "इकडं वळ राजा. आता जरा तरास देनार हाय. मंग शिव्या दे मला." मूल ऐकत नाही, असे कोणी म्हटले तर उत्तर ठरलेले होते. "तुला काय म्हाईत? तू काय बेसुद पडला व्हतास का कधी?"

दर अर्ध्या तासाला नाडी, श्वास आणि बुबुळे तपासून तक्त्यात लिहायची असतात. त्या तक्त्याला सिस्टरांनी पेनाने रेघ मारून शेवटी एक रकाना वाढवला होता. त्या वेळी खाटेजवळ कोण बसले आहे, ते त्या रकान्यात लिहीत. माझ्या भाच्याच्या तक्त्यात आई, मामा, आजी असे शब्द आहेत. आई असताना त्याची नाडी खाली येते, हे त्यांनी त्यावरूनच ओळखले आणि कफ ओढायच्या वेळी बहिणीला उशाशी बसवू लागल्या. एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "सिस्टर, ही हजेरी कशाला?"

"सर, मशीन आकडा दाखवतंय. कुनामुळं ते न्हाई दाखवत."

आम्ही तिथे असताना शेजारच्या खाटेवर श्रावणी होती. वय सहा. येलदरीकडच्या एका गावातली. धरणातली मासळी बाजारात पोचवणाऱ्या पिकअपवर बाप ड्रायव्हर होता. पोरगी चिंचेवरून पडली, असे त्याने लिहून दिले होते. मेंदूला सूज होती, आत थोडे रक्त साचले होते. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, पण शुद्ध नव्हती. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती. नळीत कफ अडकला आणि तो काढला नाही तर काही मिनिटांत श्वास बंद होईल, असे डॉक्टरांनी आईबापांना माझ्यासमोर सांगितले होते.

अंग पुसताना सिस्टरांना तिच्या दोन्ही दंडांवर निळे डाग दिसले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. त्यांनी स्वतःचा पंजा त्यावर धरून पाहिला. डाग मोठ्या माणसाच्या पकडीचे होते. त्यांनी तसे लिहिले आणि डॉक्टरांना दाखवले. पोलीस आले. त्यांनी आईला नवऱ्यासमोर विचारले. आई म्हणाली, "चिंचेवरून पडली." पोलीस गेले.

मग तक्ता भरत गेला. आजी जवळ असताना नाडी शंभराच्या आसपास. आई असताना एकशे चार, एकशे सहा. बाप असताना एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी बाप, एकशे बावन्न. तिसऱ्या दिवशी बाप खाटेपासून चार हातांवर उभा राहून नुसता फोनवर बोलत होता, एकशे पन्नास. पोरीचे डोळे मिटलेले होते. हातपाय हलत नव्हते.

हा पुरावा नव्हता. डॉक्टर तसे म्हणाले आणि सिस्टरांनाही ते मान्य होते. त्यांनी श्रावणीच्या आईला स्टूलवर बसवून तो रकाना दाखवला. आई सातवी शिकलेली होती. तिने वाचले.

"ताप असंल," ती म्हणाली.

"हौ, असंल. ताप बी नाव बघूनच चढतो का माय?"

आईने पदर तोंडाला लावला.

त्या आठवड्यात बाप रोज पोरीला घरी नेण्याची भाषा करत होता. कागदावर सही करतो, देवाच्या हवाली करतो, म्हणत होता. नळीसकट घरी नेलेली पोरगी तासभरही टिकली नसती. त्याला नेमके काय हवे होते, हे मी सांगू शकत नाही. सिस्टरांना वाटत होते ते त्यांनी मला सांगितले. पोरगी मेली की चिंच खरी ठरते. मी त्यांना विचारले, "बाकीच्यांना मारता, याला का नाही मारत?"

"मारलं की ह्यो तमाशा करनार आन् पोरीला उचलनार. मला पोरगी पायजे. ह्याचं थोबाड काय करू घेऊन?"

पुढच्या मंगळवारी दुपारी चारला, भेटीच्या वेळेत, बाप आला. सोबत त्याचा भाऊ आणि आणखी दोघे होते. पिकअप दारात चालूच ठेवली होती. सिस्टर श्रावणीचा कफ ओढत होत्या. "बास झालं. नेतो," असे म्हणून बापाने पोरीच्या काखेत हात घातले. सिस्टरांनी यंत्र सोडले आणि त्या खाटेवर आडव्या झाल्या. एक हात पोरीच्या गळ्यातल्या नळीवर, दुसरा मानेखाली. बापाने ओढले. पोरगी वीतभर सरकली. सिस्टर तिच्यासोबत सरकल्या. हात सुटले नाहीत.

भावाने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका सिस्टरांच्या पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू आला. ऑक्सिजनचे नळकांडे आडवे पडले आणि फरशीवरून गडगडत भिंतीला धडकले. औषधांच्या कपाटाची काच फुटली. बाया लेकरांना घेऊन खाटांखाली शिरल्या. एका आयाच्या कपाळात काच घुसली. मी भाच्याला पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा होतो. मी पुढे गेलो नाही. तिसरा फटका सिस्टरांच्या कानावर बसला. रक्त श्रावणीच्या उशीवर गळू लागले. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्या पोरीच्या कानाशी बोलत होत्या. "हालू नगं बाळा. मी हाय. श्वास घे."

तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या श्रावणीच्या आईने नवऱ्याचे केस मागून दोन्ही मुठींत धरले आणि त्याला खाली बसवले. तो तिला लाथा मारत होता. तिने केस सोडले नाहीत. "पडली न्हाई ती!" ती ओरडली. "पडली न्हाई! मला मारायलता, तर मधी आली. यानं दंडाला धरून भितीवर आपटली. दोनदा आपटली!"

भावाच्या हातातला स्टँड तिथेच थांबला. पहारेकरी आणि बाहेरचे नातेवाईक धावून आले. आलेल्या लोकांनी चौघांना बेदम मारले. बापाचे दात पडले. तेही मी पाहिले. पोलिसांनी आईचा जबाब संध्याकाळी घेतला. या वेळी नवरा समोर नव्हता.

श्रावणी वाचली. आठ दिवसांनी तिने डोळे उघडले. पुढे नळीही निघाली. तोवर सिस्टर दुसऱ्या रुग्णालयात होत्या. गळपट्टीचे हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले ते कायमचे. त्यांनी ती पोरगी जागी कधी पाहिलीच नव्हती.

वर्षभराने, निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, त्यांनी मला फोन केला. "ताडकळसला येता का? पोरगी आजोळी हाय म्हनं." बाजाराचा दिवस होता. आम्ही एसटीने गेलो. श्रावणी आजीच्या ओट्यावर बसली होती. उजवा पाय जरा ओढत होती आणि शब्द सावकाश, एकेक करून काढत होती. आई शेतात कामाला गेली होती.

सिस्टर पुढे झाल्या आणि डोक्यावरून हात फिरवायला त्यांनी चांगला हात उचलला. पोरीने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि ती भिंतीला चिकटली.

सिस्टरांनी हात मागे घेतला. त्या खाली, अंगणात, मातीवर बसल्या. पोरगी आता त्यांच्यापेक्षा उंचावर होती.

"आजी, ही... बाई... मारती का?" श्रावणीने विचारले.

"न्हाई गं माय, ही तर..." आजी म्हणू लागली. सिस्टरांनी तिला थांबवले.

"मारत व्हते," त्या म्हणाल्या.

"कुनाला?"

"मोठ्या मानसायला."

पोरगी विचारात पडली. हात अजून डोक्यावरच होते. "माह्या... बापाला... मारलं?"

"न्हाई."

"कामून?"

सिस्टर चांगला कान पोरीकडे करून बसल्या होत्या.

"माजे दोनी हात तुला धरून व्हते ना," त्या म्हणाल्या. "तिसरा कुठून आनू?"

श्रावणीने त्यांच्या हातांकडे पाहिले. मग तिने स्वतःचे हात खाली घेतले.