मागे कोणी सरायचं

परवा पूर्णेवरच्या जुन्या लोखंडी पुलावर समोरून बैलगाडी आली आणि माझ्या मुलाने हॉर्नवरचा हात उचललाच नाही. उघड्या खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि माझं डोकं सणकलं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. याच पुलावर आई, बाबा आणि मी, आमची कापसाची गाडी अर्ध्यावर असताना समोरून एका साहेबाची जीप घुसली. दोन गाड्या मावतील एवढी रुंदीच नाही. बाबा उतरून म्हणाले, "सायेब, बैल मांगं नायी चालत. तुमची मोटर चालते."

साहेब हॉर्न वाजवत राहिला. शेवटी बाबांनी बैल सोडून आईच्या हाती दिले, आणि आम्ही दोघांनी जू छातीला लावून भरलेली गाडी मागे रेटली. कठड्याच्या लोखंडाने माझं कोपर भाजलं. हाताशी रिव्हर्सचा गिअर असलेला तो माणूस सीटवर बसून बघत होता. आणि मी चिडले होते बाबांवर, ते साहेबाच्या तोंडी लागले म्हणून. ते आठवलं की आजही माझाच मला संताप येतो.

"मोटर मांगं घे," मी मुलाला म्हटलं.

"आई, आपण अर्ध्यावर आलो ना."

"आमी बी अर्ध्यावरच होतो."