दत्तोपंतांचा कॉम्प्युटर आणि साखराबाईची म्हैस

संकट आलं की सामान अंगणात काढायचं, ही लातूरच्या दत्तोपंत मास्तरांची जुनी खोड. भूकंपाला सहा वर्षं झाली तरी त्यांच्या उशाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड असायची. जमीन हलली की पेले आधी बोंबलतील, हा हिशोब. मांजरानं उतरंड पाडली तरी मास्तर पहिले अंगणात. गल्ली हसायची, पण पेले गल्लीतही घरोघरी होतेच.

नव्याण्णव साल संपत आलं आणि बातमी आली की कॉम्प्युटर सालाचे शेवटचे दोनच आकडे मोजतात, तेव्हा एकतीस डिसेंबर उलटला की शून्य-शून्य पाहून ते एकोणीसशे साली जाऊन बसणार. मास्तरांनी लगेच अंगणातली पत्र्याची शेड झाडून घेतली.

कॉम्प्युटर होता सुनेचा, विशाखाचा. ती नांदेडची, कॉम्प्युटर शिकून आलेली. लातुरात दोन घरं सोडून एक क्लास निघत होता, तसा त्यांच्याही बैठकीत निघाला. निवृत्त सासरे गणित शिकवायचे, सून प्रश्नपत्रिका छापायची.

ती गणितं मात्र मास्तरांची स्वतःची होती. औसा तालुक्यातल्या एका गावात त्यांनी जन्मभर शिकवलं, लातुराहून एसटीनं ये-जा करून. पुस्तकातले रामाचे आंबे त्यांना पटेनात. गावात आंब्याचं झाडच नव्हतं. म्हणून त्यांच्या गणितात नरसिंगची बैलगाडी बाजाराला निघायची, गुंडप्पाचा हौद भरायचा, आणि साखराबाईची म्हैस दूध द्यायची. साखराबाईनं त्यात पाणी किती घातलं, ते पोरांनी काढायचं. ती शाळेच्या दारात येऊन भांडायची, "मास्तर, गणितात तरी पाणी कमी घाला की. लई बदनामी करून राहिले तुम्ही." मास्तर काही पाणी कमी करत नसत, आणि पोरं खिदळायची.

भूकंपात शाळा गेली, कपाटातली गणितं मातीत गेली. साखराबाई, गुंडप्पा, नरसिंग, सगळेच गेले. मास्तरांनी आठवून आठवून एकेक गणित सांगितलं आणि विशाखानं टाइप केलं. आता पुन्हा आठवतील याची त्यांना खात्री नव्हती. ही माणसं दुसऱ्यांदा मातीखाली जाऊ द्यायची नाहीत, एवढाच त्यांना घोर होता.

"मामा, ही बघा, तारीख पुढं करून पाहिली," विशाखानं एका दुपारी करून दाखवलं. "काही होत न्हाई. शिवाय सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवलंय."

"भूकंपाच्या आदल्या दिवशीही काही होत नव्हतं," मास्तर म्हणाले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशाखा माहेरी गेली आणि मास्तरांना रान मोकळं मिळालं. कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा मलप्पा बोलता बोलता म्हणाला होता, यंत्र बंद असलं तरी आतल्या एका छोट्या सेलवर तारीख चालत राहते. मास्तरांनी गणिती डोकं चालवलं. घड्याळच बंद पाडलं, तर साल बदललं हे त्याला कळणार कसं? मलप्पाला बोलावून त्यांनी तो सेल काढवला आणि देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. मग कॉम्प्युटर शेडमध्ये नेला, वर गोधडी घातली, शेजारी पेल्यांची उतरंड रचली आणि स्वतःची बाजही तिथंच टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विशाखा परत आली. संध्याकाळी क्लासची परीक्षा, आणि बैठकीतलं टेबल रिकामं.

"मामा, अंगणात काय मांडून ठेवलंत हे?"

मास्तरांनी अभिमानानं सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, कॉम्प्युटर आत आणला, देव्हाऱ्यातला सेल बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर तारीख आली: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. विशाखा हसून हसून खालीच बसली.

"जे होऊ नये म्हणून जग जागलं, ते आपल्या घरी तुम्ही हातानं करून ठेवलं, मामा. वीस वर्षं मागं गेला तो."

मास्तरांचा चेहरा उतरला. "आणि गणितं?"

तिनं फाइल उघडली. साखराबाईची म्हैस जागच्या जागी होती. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, मग डोळेही पुसले.

विशाखा तारीख बदलायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला. "आजचा दिवस राहू दे. ऐंशी साली ही सगळी आहेत." मग पडद्याकडं बोट करून म्हणाले, "आणि पहिल्या गणितातला एक आकडा तेवढा बदल."

संध्याकाळी पोरं प्रश्नपत्रिका सोडवायला बसली. तारीख यंत्रानं आपली आपणच वर छापली होती. पुढच्या रांगेतल्या मुग्धानं हात वर केला.

"सर, तारीख ऐंशी सालची पडलीय. आणि पहिल्या गणितात पाणी शून्य येऊन राहिलं. दोन्ही चुकलं का?"

"दोन्ही बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "निव्वळ दूध घालायची ती बाई."